ट्रेलर ड्रायव्हरचे बूट आणि कपडे कसे निवडावेत? (विज्ञान व परिसर अभ्यास पाठ)



आजचा पाठ पुस्तकात सापडणार नाही, पण आपल्या वर्गातल्या बऱ्याच लेकरांच्या घरात तो रोज घडतो. कळमनुरी तालुक्यातला आपला वारंगा फाटा म्हणजे दोन महामार्गांच्या भेटीची जागा. अकोल्याहून हिंगोलीमार्गे नांदेडकडे जाणारा १६१ आणि तुळजापूर-नांदेडवरून यवतमाळ-नागपूरच्या दिशेने जाणारा ३६१ इथे एकत्र येतात. चहाच्या टपरीवर अर्धा तास बसा. हळदीची पोती, केळी, सिमेंट, सळई, पोकलेन, सगळं समोरून जातं. आणि वर्गात "वडील काय करतात?" विचारलं की शेतीच्या खालोखाल एक उत्तर ठरलेलं असतं : "गाडीवर असतात."

आपण बोलणार आहोत ते फाळके नसलेल्या सपाट ट्रेलरवर काम करणाऱ्यांबद्दल. बंद हौद्याच्या ट्रकपेक्षा यांचं काम वेगळं असतं. माल उघड्यावर असतो, म्हणून तो साखळीने, पट्ट्याने, दोराने आवळावा लागतो, वर ताडपत्री ओढावी लागते आणि थोडं अंतर गेलं की थांबून पुन्हा ताण तपासावा लागतो. म्हणजे ड्रायव्हर दिवसातून कितीतरी वेळा खाली उतरतो आणि वर चढतो.

मागे एका पालकसभेला आठवीतल्या एका मुलीचे वडील आले होते. पायात स्लीपर, अंगठ्याचं नख काळंनिळं. सळईखालचा लाकडी ठोकळा पायावर पडला होता. मी सहज म्हणालो, "जपून चालवत जा." ते हसले. म्हणाले, "सर, गाडी चालवताना काही होत नाही हो. जे होतं ते खाली उतरल्यावर."

हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं, कारण आपण घरी कपडे घेताना नेमकं उलटं करतो. ड्रायव्हर म्हणजे बसून काम करणारा माणूस, असं धरून त्याच्यासाठी आरामाचा कपडा आणि हवेशीर चप्पल घेतो. खरं तर सीटवरच्या दहा तासांत कपड्याची फारशी परीक्षा होत नाही. परीक्षा होते ती जमिनीवरच्या आणि हौद्यावरच्या पाव-पाव तासांत. निवड त्या पाव तासासाठी करायची.

आधी पाय

स्लीपरचे दोन धोके वेगवेगळे आहेत, ते मुलांना वेगवेगळेच सांगा. एक केबिनमधला. टाचेला पट्टा नसलेली चप्पल पायातून निसटून ब्रेकच्या पेडलखाली अडकू शकते, आणि मग पाय कितीही दाबला तरी पेडल खाली जात नाही. दुसरा बाहेरचा. बोटं उघडी, टाच सैल आणि तळ गुळगुळीत झालेला.

यावर सरळ उत्तर वाटतं की पोलादी टोपीचे सेफ्टी शूज घ्या आणि मोकळे व्हा. तसं नाही. जाड, ताठ तळव्याच्या बुटात पेडलचा अंदाज नीट येत नाही, क्लच किती दाबला ते पायाला कळत नाही. पहिल्याच खेपेला माणूस वैतागतो आणि बूट सीटमागे जातो तो कायमचा. म्हणून माझं मत असं, की परवडत असेल तर दोन जोड ठेवावेत. चालवायला पातळ तळाचा, मागे पट्टा असलेला सँडल किंवा हलका बूट. उतरण्याआधी घालायला सेफ्टी शूज. आणि जो जोड पायात नाही तो पेडलपाशी मोकळा ठेवायचा नाही, क्लीनरच्या बाजूला पिशवीत ठेवायचा. एकच जोड घेणं शक्य असेल तर मग पोलादाऐवजी कंपोझिट टोपीचा, वाकणाऱ्या तळाचा बूट शोधा. तो हलका असतो. दुकानात बसून नुसता घालून बघू नका. टाच जमिनीवर टेकवून पुढचा पाय पेडल दाबल्यासारखा दहा-वीस वेळा वर-खाली करून बघा.

आता नववीच्या 'कार्य आणि ऊर्जा' या पाठाशी जोड. सेफ्टी शूजसाठीच्या आय.एस. १५२९८ (भाग २) या भारतीय मानकानुसार पुढच्या टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसला पाहिजे. २०० ज्यूल म्हणजे किती? मुलांना करू द्या : वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची. २० किलोची वस्तू एक मीटरवरून पडली तर २० × ९.८ × १ = १९६ ज्यूल. म्हणजे ती टोपी साधारण तेवढा मार सोसते. लाकडी ठोकळा, साखळीचं हूक, जॅक निसटला, तर बोटं वाचतात.

पण लगेच पुढचं गणित द्या, नाहीतर मुलांना बूट म्हणजे जादू वाटेल. जालन्याच्या कारखान्यांतून येणारी सळई साधारण १२ मीटर लांबीची असते. १२ मिलिमीटर जाडीच्या सळईचं वजन मीटरला ०.८८८ किलो, म्हणजे एक सळई साडेदहा किलोच्या वर. २५ मिलिमीटरची सळई मीटरला ३.८५ किलो, म्हणजे एकच नग ४६ किलोंचा! ती आख्खी एक मीटरवरून पायावर आली तर ४५० ज्यूलच्या पुढे. (प्रत्यक्षात एक टोक आधी टेकतं, सगळं वजन बोटांवर येत नाही, हेही सांगा.) माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "मग सर, सळई सुटली तर काय करायचं?" उत्तर एवढंच, की साखळी सोडताना भाराच्या समोर उभं राहायचंच नाही. ते काम बुटाचं नाही.

तळव्याबद्दल एक गोष्ट आपल्या मातीची. दुकानदार खोल नक्षीचा तळ दाखवून म्हणेल, पकड चांगली आहे. डांबरावर, मुरमावर चांगलीच असते. पण पावसाळ्यात गाडी रस्त्याच्या कडेला घेतली की खाली आपली काळी चिकण माती. दोन पावलांत ती नक्षी भरून जाते आणि तळ पुन्हा सपाट होतो, वरून किलोभर चिखल. तशा पायाने ट्रेलरच्या लोखंडी पायरीवर चढलं की घसरणं ठरलेलं. म्हणून रुंद अंतरावर खाचा असलेला, ऑइलला न विरघळणारा तळ बघा, आणि केबिनमध्ये एक जुनं खुरपं ठेवा. हसू नका, एका ड्रायव्हरनेच मला दाखवलं. तो पायरीवर पाय ठेवण्याआधी तळ खरवडून घेतो, मग गाडीकडे तोंड करून, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात कायम टेकलेला ठेवून चढतो. उतरतानाही तसंच. उडी मारत नाही.

कपड्यांत काय बघायचं

पँट मांडीत आणि गुडघ्यात सैल हवी. हौदा जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतो. घट्ट जीन्स घालून पाय तेवढा वर जात नाही, म्हणून माणूस लोंबकळून चढतो. मागच्या खिशात पाकीट नको. तासन् तास त्यावर बसून कंबर वाकडी होते आणि पाय मुंग्या धरतो. बटणाचा किंवा झाकणाचा खिसा छातीवर असू द्या.

कापड सुती किंवा सुती जास्त असलेलं. शंभर टक्के पॉलिस्टर वाळतं लवकर, स्वस्तही असतं, पण गरम सायलेन्सरला लागलं तर ते वितळून कातडीला चिकटतं. सुती कापड जळतं, पण वितळत नाही. पालकांच्या उपस्थितीत, पाण्याची बादली शेजारी ठेवून, चिमट्यात दोन्हींचा एकेक दोरा मेणबत्तीवर धरून दाखवा. हा प्रयोग मुलं विसरत नाहीत.

बाही पूर्ण हवी, आणि इथे उन्हाचाही प्रश्न आहे. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा हात आणि उजवा गाल दिवसभर खिडकीशी. काच बंद असली म्हणजे ऊन लागत नाही हा गैरसमज. काच अतिनील किरणांतले 'बी' बरेचसे अडवते, 'ए' आत येऊ देते. २०१२ साली अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षं डिलिव्हरी ट्रक चालवलेल्या ६९ वर्षांच्या माणसाचं छायाचित्र छापून आलं होतं. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी, सुरकुतलेली दिसते. आता २०२५ पासून बनणाऱ्या नव्या मध्यम आणि जड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे, चांगलंच आहे, पण एसीने काचेतून येणारं ऊन थांबत नाही. आणि आपल्या फाट्यावरच्या जुन्या गाड्यांना अजून बरीच वर्षं खिडकीचाच वारा आहे.

गमछा? घाम पुसायला, डोक्याला बांधायला उत्तम. पण दोर आवळताना, टर्नबकल फिरवताना गळ्यात लोंबता नको. अंगठी तर नकोच. हौद्यावरून उतरताना ती हुकात अडकली तर बोटाचं काय होतं ते इथे लिहीत नाही. साखळी हाताळायला चामड्याचे हातमोजे घ्या, विणलेले सुती नव्हे, कारण तुटक्या तारेचं टोक सुती मोज्यातून आरपार जातं.

लुंगीबद्दल पालक नेहमी विचारतात. २०१९ साली नवा मोटार वाहन कायदा आला तेव्हा लुंगी, बनियन, चप्पल घालून गाडी चालवली तर दंड, अशा बातम्या फिरल्या होत्या. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयानेच असा दंड कायद्यात नसल्याचा खुलासा केला होता. तेव्हा दंडाच्या भीतीने लुंगी सोडू नका. केबिनमध्ये झोपायला ती छानच आहे. हौद्यावर चढताना मात्र ती पायात येते, म्हणून सोडा.

रंगाचा प्रश्न

'खाकी' हा शब्द फारसी 'खाक' म्हणजे धूळ, माती यावरून आला. धुळीचा रंग, म्हणून मळ दिसत नाही. पण हाच त्याचा दोष! रात्री रस्त्याच्या कडेला टायर बदलणारा खाकीतला माणूस धुळीतच मिसळून जातो. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर येते, ८० ने येणारी २२ मीटर. समोरच्याला तुमचे वडील एक सेकंद आधी दिसले तर एवढं अंतर हाती लागतं. म्हणून अंगावर चमकपट्ट्यांचं जाकीट. त्यात दोन गोष्टी असतात हे मुलांना दाखवा. पोपटी-पिवळं किंवा नारिंगी कापड दिवसा आणि सांजवेळी उठून दिसतं, रात्री त्याचा उपयोग नाही. रात्री काम करते ती राखाडी पट्टी, जिच्यातले बारीक काचमणी दिव्याचा प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतात. पट्टी धुऊन-धुऊन तडकली की जाकीट बदलायचं. तपासायचं कसं? अंधाऱ्या खोलीत टॉर्च डोळ्याशेजारी धरून दहा पावलांवरून बघा.

हा सगळा खर्च कोणी करायचा? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याच्या कलम १० मध्ये ड्रायव्हरांना गणवेश, रेनकोट देण्याचे नियम राज्य सरकार करू शकेल, अशी तरतूद होती. तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायांना लागू होता, आणि आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. ज्यांचे मालक मोठे आहेत त्यांनी मागायला लाजू नये. पण आपल्याकडे एका-दोन गाड्यांचे मालक जास्त, पुष्कळदा मालकच ड्रायव्हर. तिथे हा खर्च घरातूनच होतो, आणि दिवाळीच्या यादीत बापाचे बूट सगळ्यात शेवटी येतात हे आपल्याला माहीत आहे.

वर्गात कसं घ्यावं

मी आठवीला एक गृहपाठ दिला होता : घरच्या ड्रायव्हरच्या पायाचं माप वर्तमानपत्रावर काढून आणा. संध्याकाळी घ्या, कारण दिवसभर बसून पाय सुजतो. मोजे घालून घ्या, दोन्ही पायांचं घ्या, मोठा असेल त्यानुसार बूट, आणि सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा.

काहींनी दुसऱ्या दिवशी आणलं. काहींचे वडील गाडीवर होते, त्यांनी जुन्या चपलेभोवती पेन्सिल फिरवून आणली. ते चालत नाही, चपलेचं माप म्हणजे पायाचं माप नव्हे. त्या काळ्यानिळ्या नखवाल्या पालकांची मुलगी चार दिवसांनी कागद घेऊन आली. वडील रात्री दोनला आले, पहाटे पुन्हा जाणार होते, म्हणून तिने झोपेतच त्यांच्या पायाखाली कागद धरून माप काढलं होतं. रेघ थोडी हललेली, पण दोन्ही पाय काढलेले. मी तिला सांगितलं की निजलेल्या पायाचं माप कमी भरतं, उभं राहून भार आला की पाय पसरतो, लांबतो. तिने कागद घडी करून दप्तरात ठेवला. म्हणाली, "मग शनिवारी येतील तेव्हा उभं करून घेते, सर."