मशीनचा दांडा जड झालाय? आधी इंजिन बंद करून फिरवून बघा

1 जून ते 31 जुलैची बंदी संपली की दरवर्षी हीच तक्रार येते, आऊटबोर्ड मशीनचा दांडा वळत नाही. मग कोणी दांड्याला पाईप लावून जोर काढतो. तसं करू नका, दांडा मुळातून तुटतो. आणि तुटायचा तर नेमका नदीच्या तोंडावर, मागून लाट येत असताना.

होडी किनाऱ्यावर असतानाच, इंजिन बंद ठेवून मशीन दोन्ही बाजूंना फिरवा. तेव्हाही जड लागलं तर दांडा घट्ट-सैल करायचा स्क्रू जास्त आवळलाय का बघा. तो ठीक असेल तर दोष मशीन ज्या उभ्या नळीत फिरतं तिथे. आतलं जुनं ग्रीस खाऱ्या पाण्याने सुकून साबणासारखं घट्ट झालेलं असतं. निप्पलला गन लावून मरीन ग्रीस भरा, गाडीचं साधं नको. एकाने पंप मारायचा, दुसऱ्याने मशीन हलवत राहायचं, जुनं काळं बाहेर पडून नवं दिसेपर्यंत. ग्रीस आत जातच नसेल तर निप्पल काढून साफ करा, भोकात गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा. आग लावून तापवायची काहींना हौस असते, पेट्रोलच्या टाकीशेजारी ती नको.

किनाऱ्यावर हलकं, पण वेगात एका बाजूला ओढतंय? मग ग्रीसचा संबंध नाही. बऱ्याच मशीनना पंख्याच्या वर मागे छोटी पट्टी असते. होडी डावीकडे ओढत असेल तर पट्टीचं मागचं टोक थोडं डावीकडेच वळवा. उलटं वाटतं, मीही पहिल्यांदा उजवीकडे वळवून बसलो होतो. बोल्ट आवळा आणि जाळी न घेता एक फेरी मारून बघा.