गोठा कोठे असावा?

पशुपालन कोठे चालते, या प्रश्नाला उत्तरपत्रिकेत बहुधा ‘जेथे चारा-पाणी तेथे’ एवढेच उत्तर आम्हाला वाचायला मिळते. चूक नाही, पण अपुरे आहे. मुंबईत चारा कोठे उगवतो? तरीही तेथे म्हशींचे तबेले भरभराटीस आले. कारण दूध काही तासांत नासते, कडबा-पेंड टिकते. म्हणून चारा लांबून आणून म्हैस गिऱ्हाइकाजवळ ठेवणेच परवडे. मात्र शहरात भाकड म्हैस पोसणे महाग. आटली की पुष्कळदा ती कसायाकडे जाई. उत्तम दुभत्या जनावरांचा असा नाश झाला, हे पुस्तकात क्वचितच येते.

१९४५ पासून ‘बॉम्बे मिल्क स्कीम’साठी आपल्या बडोद्याजवळच्या आणंदहून दूध तापवून, थंड करून रेल्वेने मुंबईस जाऊ लागले. म्हणजे आता चाऱ्याऐवजी दूध प्रवास करू लागले आणि म्हैस खेडा जिल्ह्यातच, शेतातल्या चाऱ्यावर राहिली. पण भाव व्यापारी ठरवीत. शेतकऱ्यांनी दूध घालणे बंद केले, आणि १९४६ मध्ये त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली सहकारी संघ उभा राहिला. हिवाळ्यात दूध वाढे तेव्हा मुंबई सगळे घेत नसे. १९५५ मध्ये आणंदला भुकटीचा कारखाना निघाल्यावर ती अडचण पुष्कळ कमी झाली.

पालकांनी सुटीत मुलांना जवळच्या एखाद्या गावातील दूध मंडळीत संध्याकाळी अवश्य न्यावे. दुधातील स्निग्धांश मोजून भाव कसा ठरतो, ते तेथे उभे राहून पाहता येईल.