पावसाळ्यातील शीळकरी कस्तूर

बेळगावाहून आंबोलीकडे किंवा चोर्ला घाटाकडे गेलेल्या पुष्कळांनी पावसाळ्यातील पहाटे ओढ्याकाठी शीळ ऐकली असेल. एखादा गुराखी सूर धरतो आहे, मध्येच विसरतो आहे, असा भास होतो. पण तेथे माणूस नसतो. ही शीळ कस्तूर पक्ष्याची होय. इंग्रजांनी तर त्याला ‘शीळ घालणारा शाळकरी मुलगा’ असेच नाव दिले.

कस्तूर सुमारे २५ सेंटिमीटर लांब असतो. अंधुक उजेडात तो निव्वळ काळा दिसतो; उजाडले म्हणजे कपाळावरील व खांद्यावरील गडद निळा रंग चमकू लागतो. नर-मादी दिसण्यात सारखीच असतात.

इतर ऋतूंत तो बहुधा एखादा तीक्ष्ण आवाज काढून गप्प बसतो. मग पावसातच एवढी शीळ का? कारण हा त्याच्या विणीचा मुख्य हंगाम होय. ओढे भरलेले असतात. किडे, गोगलगाई, खेकडे विपुल मिळतात. धबधब्याजवळच्या कपारीत, क्वचित पुलाखालीही, शेवाळ, मुळ्या व चिखल यांचे वाटीसारखे घरटे तो बांधतो.

निरीक्षणासाठी उजाडण्यापूर्वीच ओढ्यापासून दूर, आडोशाला उभे राहावे. आधी कान द्यावा, मग दुर्बीण लावावी. तारीख, वेळ, पाऊस आणि पहिली शीळ यांची वहीत नोंद करावी. अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र ठेवल्या म्हणजे ऋतुमानातील फरक कळू लागतात. एक नियम मात्र कधीही मोडू नये. चोचीत भक्ष्य धरलेला पक्षी घरट्याकडे न जाता खडकावर घुटमळू लागला, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मुकाट्याने मागे फिरावे. तेवढा वेळ पिल्ले उपाशी राहतात.

पूर्वी लोक याची पिल्ले वाढवून त्यांना गाण्यांच्या चाली शिकवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आता असा पक्षी पकडणे वा पाळणे गुन्हा आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षा मुलांना एकदा ओढ्याकाठी नेणे अधिक उपयोगी. भरल्या ओढ्याच्या खळखळाटावर उठणारी ती शीळ ज्याने ऐकली, त्याला पिंजऱ्यातील शीळ गोड लागणार नाही.