तान्ह्याच्या तोंडी काय लावू नये?

बाळ झाले की घरातले मोठे मायेने मध चाटवतात, घुट्टी देतात. आम्हीही हेच पाहत वाढलो. पण पहिले ६ महिने बाळाला फक्त आईचे दूध पुरते. वरचे पाणीसुद्धा नको.

मध तर वर्षापर्यंत बोटभरही नको. मधात कधी कधी एका जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत, पण बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. उकळूनही ते मरत नाहीत. बाळ ढिले पडले, दूध ओढेनासे झाले, तर लगेच दवाखाना गाठावा.

चहात बुडवलेले बिस्किट टाळू या. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे श्वासनलिकेत अडकतात. पाच वर्षांपर्यंत ते नकोत. बारीक कूट करून जेवणात मिसळावे. वर्षापर्यंत वरून मीठ-साखरही नको.

६ महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधासोबत मऊ वरण-भात, कुस्करलेले केळे, नीट शिजवलेले अंडे द्यावे.

आजीशी मात्र वाद नको. हे पान तिला वाचून दाखवू या. नातवंडावर तिचाच जीव जास्त असतो.