*गाडी उठत नाही? टायमिंग खोलण्याआधी स्कॅनर लावा* 🚜



परवा आपल्या एका सभासदाची बीएस-६ पिकअप पहाटे चारला भाजी भरून शाहू मार्केट यार्डाकडं निघायच्या टायमाला उठलीच नाही. स्टार्टर जोरात फिरतोय, पण इंजिन काही धरत नाही. गावातल्या मेकॅनिकनं नुसतं ऐकून सांगितलं, "टायमिंग गेलंय, पुढचं कव्हर खोलावं लागंल." माल दुसऱ्याच्या गाडीनं पाठवला. दुपारी दुसऱ्या मेकॅनिकनं स्कॅनर लावला तर कॅम सेन्सरचा कोड आला. वायर उंदरानं कुरतडली होती. अर्ध्या तासात काम झालं.

कव्हर खोललं असतं तर मजुरी गेली असती, गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली असती आणि वायर तशीच तुटलेली राहिली असती. म्हणून आजचा मेसेज जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

*टायमिंग म्हणजे नेमकं काय?* क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एक फेरा फिरतो. दोघांना चेन, बेल्ट किंवा गिअर जोडतो. व्हॉल्व्ह कधी उघडायचा, कधी मिटायचा हे कॅम ठरवतो. क्रँकच्या चाकाला समजा २० दात आहेत आणि चेन एक दात सरकली, तर क्रँकच्या हिशोबानं थेट १८ अंशांची चूक झाली. तेवढ्यानं गाडी उठायला जड जाते, धूर काढते, ओढत नाही. जास्त दात सरकले तर पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो आणि मग हेडचं काम निघतं.

कॉमन रेल इंजिनात क्रँकवर एक सेन्सर आणि कॅमवर एक सेन्सर असतो. दोघांचे सिग्नल जुळले तरच कॉम्प्युटर (ईसीयू) नीट वेळेवर डिझेल सोडतो. स्कॅनरचं सॉफ्टवेअर हेच दाखवतं.

*कोड आला तर असं समजा:*
पी-०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट. पी-०३४० म्हणजे कॅम सेन्सरचं सर्किट. हे दोन आले तर आधी वायर, प्लग, सेन्सर बघायचा, इंजिनला हात लावायचा नाही. पी-००१६ मात्र वेगळा. त्याचा अर्थ दोन्ही सेन्सर बोलतायत, पण त्यांचं एकमेकांशी जुळत नाही. इथं चेन ढिली असणं, दात सरकणं किंवा नुकताच बसवलेला बेल्ट चुकणं याचा खरा संशय घ्यायचा. तरीही सेन्सरवर लोखंडाचा भुगा चिकटला किंवा सेन्सरचं दातेरी चाक दुखावलं तरी हाच कोड येतो, हे विसरू नका.

आणि एक सांगतो, मेकॅनिकला आधी कोड पुसू देऊ नका. मोबाईलवर फोटो काढा, मगच पुढचं. कोडसोबत त्या क्षणाची माहितीही साठलेली असते, ती पुसली की गेली.

कोडवर थांबू नका. लाइव्ह डेटा उघडायला सांगा आणि स्टार्टर मारताना बघा. बॅटरी आधी चार्ज पाहिजे, नाहीतर सगळे आकडे फसवतात. इंजिनचा आरपीएम शून्य दिसला तर क्रँक सेन्सरकडं बघा. आरपीएम दिसतोय पण कॅम-क्रँक 'सिंक' होत नाही, तर कॅम सेन्सर किंवा टायमिंग. दोन्ही ठीक आहेत तर रेल प्रेशर बघा. बहुतेक इंजिनांना स्टार्ट व्हायला साधारण २०० बार तरी लागतं. प्रेशरच नसेल तर दोष डिझेलच्या लाइनीत, फिल्टरमध्ये किंवा पंपात आहे, टायमिंगचा त्यात काही संबंध नाही.

पी-००१६ आला आणि इंजिनमधनं खडखड आवाज येतोय, तर *पुन्हा स्टार्टर मारू नका, गाडी ढकलूनही सुरू करू नका.* ओढून गॅरेजला न्या. तिथं कंपनीच्या लॉकिंग पिना लावून खूण जुळते का बघायची. नवीन चेन-बेल्ट बसवल्यावर क्रँक पान्यानं, हातानं, चालीच्या दिशेनं पूर्ण दोन फेरे फिरवून पिना परत लावून बघायच्या. हे समोर उभं राहून करून घ्या.

काही ठिकाणी बिलात "कॉम्प्युटरवर टायमिंग सेट केलं" असं लिहितात. सॉफ्टवेअर चेनचा दात सरकवू शकत नाही. फार तर काही गाड्यांत काम झाल्यावर जुनी साठवलेली नोंद रिसेट करता येते. एवढ्याचे किती पैसे द्यायचे ते तुम्ही ठरवा.

*कुणाला लागू?* एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल पिकअप, टेम्पो आणि जानेवारी २०२३ पासूनचे ५० एचपीवरचे ट्रॅक्टर. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या ट्रॅक्टरला स्कॅनर लागत नाही; तिथं गिअरवरच्या खुणाच बघाव्या लागतात आणि त्या कामात आपल्या उद्यमनगरच्या मिस्त्रींचा हात धरणारं कोण नाही.

पिकअपसाठी ब्लूटूथचं स्वस्त डोंगलही कोड दाखवतं, सिंकचा आकडा मात्र बऱ्याचदा दाखवत नाही. ट्रॅक्टरचा सॉकेट वेगळा असतो, डोंगल घेण्याआधी बघून घ्या.

कोड आला असेल तर त्याचा फोटो, गाडीचं मॉडेल आणि साल ग्रुपवर टाका. ऊसवाहतूक सुरू व्हायच्या आत टाका म्हणजे बघायला वेळ मिळेल.