इंजिनाची तेलगळती व कोंडलेला श्वास

जनावर आजारी पडलें म्हणजे शेतकरी बंधु प्रथम त्याची धाप व रवंथ पाहतात. आतां जीप व ट्रॅक्टर हींही आपल्या धाराशिव जिल्ह्यांत अनेकांच्या दारीं उभीं असतात; परंतु इंजिनाखालीं तेलाचा डाग दिसला कीं, ‘सील गेलें’ असें म्हणून आपण मोकळे होतों. इंजिनासही श्वास असतो व तो कोंडला म्हणजे तेल बाहेर फुटतें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव असा. जुन्या डिझेल जीपचें पुढचें सील एका हंगामांत दोनदां बदललें. तरी आठ-पंधरा दिवसांत तेल पुन्हां ठिबकूं लागे, विशेषतः तुळजापूरचा घाट चढून आल्यावर. सर्व इंजिन उतरवून बोअर करण्याचा सल्ला मिळाला. तो खर्च करण्यापूर्वीं पाहतां ब्रीदरची रबरी नळी आंतून फुगून व काजळीनें माखून जवळजवळ बंद झालेली आढळली. नळी बदलली, तिसरें सील बसविलें आणि गळती थांबली.

इंजिनास श्वास कशाला?

पिस्टनवर जळत्या वायूचा दाब असतो. रिंगा नव्या असल्या तरी त्यांच्या फटींतून थोडा वायु खालच्या पेटींत, म्हणजे क्रँककेसमध्यें, उतरतोच. घाट चढतांना अथवा भरली ट्रॉली ओढतांना हें प्रमाण वाढतें. हा वायु निघून जावा म्हणून ब्रीदर ठेविलेला असतो. तो तुंबला म्हणजे पेटींतील दाब वाढतो व जेथें सांधा दुबळा असेल तेथून तेल ढकललें जातें. पूर्वीच्या मोटारींत हा वायु नळीनें खालीं रस्त्यावर सोडीत. अमेरिकेंत कॅलिफोर्नियामध्यें विकावयाच्या मोटारींस १९६१ च्या सुमारास बंदिस्त रचना आली. आतां पेट्रोल इंजिनांत हा वायु झडपेवाटे ओढून पुन्हां जाळण्यांत येतो. एका सिलिंडरच्या पंप-इंजिनांत पिस्टनच्या प्रत्येक खेपेस पेटींतील जागा कमी-अधिक होते. म्हणून त्याच्या ब्रीदरमध्यें बहुधा एकाच बाजूस उघडणारी झडप असते. ती मळून अडकली तरी तेल गळतें.

गळतीचें मूळ कसें शोधावें?

तेल वरून खालीं उतरतें व पंख्याच्या वाऱ्यानें मागें पसरतें. म्हणून डाग जेथें, रोगही तेथेंच, असें समजूं नये.

(१) गाडी सपाट जागीं उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनीं पट्टीनें तेल पाहावें. खुणेपेक्षां अधिक भरलेलें तेलही बाहेर येतें. पातळी आपोआप वाढत असेल तर तेलांत डिझेल किंवा पाणी मिसळत आहे असें समजून इंजिन चालवूं नये.

(२) इंजिन थंड असतां बाहेरून पुसून कोरडें करावें व संशयाच्या जागीं खडूची पूड लावावी. थोडें चालवून सर्वांत उंच व सर्वांत पुढची ओली जागा शोधावी.

(३) प्रथम टॅपेट कव्हरचें पॅकिंग, तेलाच्या दाबाचा स्विच व फिल्टरची बैठक तपासावी, नंतर खालचें चेंबर व त्याचा नट, शेवटीं सीलें. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यांतून पडणारें तेल दाट व गंधकासारख्या उग्र वासाचें असल्यास तें बहुधा गिअरचें होय.

श्वासाची परीक्षा

इंजिन गरम करून मंद चालूं द्यावें व तेल भरण्याचें झांकण जपून सैल करावें. मंद वाफ येणें स्वाभाविक होय. धुराचा जोरदार फवारा येत असेल तर इंजिन बंद करून ब्रीदरची नळी काढावी व सायकलच्या पंपानें तींत हवा मारून पाहावी. नळी व झडप मोकळीं असूनही फवारा तसाच, तेलाचा खप वाढलेला व जोर पडतांना निळा धूर असेल, तरच रिंगा व बोअर यांचा संशय घ्यावा. आणि तेव्हांही इंजिन उतरविण्यापूर्वीं कॉम्प्रेशन मोजून घ्यावें.

उपाय व सावधगिरी

नवी नळी तेल व उष्णता सोसणारीच घ्यावी. ठिबक सिंचनाची नळी जोडूं नये. ती मऊ होऊन चपटते. नळी उघडीही सोडूं नये, कारण काळ्या मातीची धूळ आंत शिरल्यास रिंगा झिजतात. सील बसविण्यापूर्वीं दांड्यावर नख फिरवावें. खांच लागली तर नवें सीलही गळेल. झांकणाखालीं पांढुरकी साय दिसली व रेडिएटरचें पाणी कमी होत नसेल, तर घर ते शेत अशा लहान फेऱ्यांत इंजिन पुरतें तापत नाहीं, असें जाणावें; आठवड्यांतून एकदां लांबची फेरी करावी.

डिझेल इंजिनांत तेल कधींही जास्त भरूं नये. तें ब्रीदरवाटे हवेच्या नळींत ओढलें गेल्यास इंजिन त्याच तेलावर पळूं लागतें व चावी बंद करूनही थांबत नाहीं. अशा वेळीं वरचा गिअर घालून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडावा. हवेच्या तोंडाशीं हात नेऊं नये.

तात्पर्य, सीलावर पैसा घालण्यापूर्वीं श्वास पाहावा. दम कोंडलेल्या बैलास पराणी टोंचून तो चालत नाहीं. इंजिनाचेंही तसेंच आहे.