मेलमधली लिंक पूर्ण बांधताना

साइटच्या आत फिरायला नुसता मार्ग पुरतो, उरलेला पत्ता ब्राउझर भरतो. मेल, एसएमएस, पीडीएफमध्ये ती सोय नाही. तिथे एचटीटीपीएसपासून सगळं आपणच द्यायचं. जँगोत मी ते असं करते.

आधी मूळ पत्ता, म्हणजे स्कीम आणि डोमेन, सेटिंग्जमध्ये एकदाच लिहा. शेवटी स्लॅश नको. किंमत एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्या, म्हणजे टेस्टिंगच्या लिंका खऱ्या ग्राहकांना जाणार नाहीत.

'बिल्ड_ॲब्सोल्यूट_यूआरआय' हाताशी असताना हा खटाटोप कशाला? कारण ते फंक्शन डोमेन रिक्वेस्टच्या होस्ट हेडरमधून उचलतं आणि तो हेडर समोरचा हवा तसा पाठवू शकतो. कुणी तुमच्या ग्राहकाचा ईमेल टाकून 'पासवर्ड विसरलात?' फॉर्म भरतो, होस्ट मात्र स्वतःचा देतो. मेल तुमच्याच सर्व्हरवरून जातो, अगदी अस्सल दिसतो. ग्राहकाने लिंक दाबली की रीसेटचं टोकन चोराकडे! म्हणून 'अलाउड_होस्ट्स'मध्येही नेमकी डोमेनच लिहा. तिथे तारांकन ठेवून साइट लाइव्ह करणं मला अक्षम्य वाटतं. शिवाय रात्रीच्या क्रॉन जॉबला रिक्वेस्टच नसते, तिथे सेटिंग्जमधला पत्ताच कामी येतो.

मार्ग हाताने टाइप करू नका. 'रिव्हर्स'ला यूआरएलचं नाव आणि आयडी द्या. स्लॅशने सुरू होणारा मार्ग मिळेल, तो मूळ पत्त्याला जोडा. 'यूआरएलजॉइन' वापरलंत तर जपून: डोमेनपुढे '/दुकान' असताना 'पुस्तक' जोडलं की 'दुकान' गळून पडतं. '/दुकान/' असेल तर टिकतं.

क्वेरीतल्या किमती 'यूआरएलएनकोड'मधूनच घाला. 'पुणे' या शब्दात चार युनिकोड चिन्हं आहेत. यूटीएफ-८मध्ये प्रत्येकाचे तीन बाइट आणि एनकोड झाल्यावर प्रत्येक बाइटची तीन अक्षरं, म्हणजे एकूण ३६. एसएमएसमध्ये हे चांगलंच जाणवतं. लिंकमध्ये टक्क्याच्या खुणेपुढे जागोजागी २५ दिसले, तर बहुधा एनकोडिंग दोनदा झालंय.

आता तपासणी. कर्लने खोटा होस्ट देऊन रिक्वेस्ट पाठवा. ४०० यायला हवं. मग रीसेटचा मेल स्वतःला मागवा आणि लॉगिन नसलेल्या फोनवरून लिंक उघडा.